शब्दबंध आणि व्याकरण : अर्थाच्या उसनवारीचा इतिहास

१

जबलपूर जिल्ह्यात, जबलपूर शहराच्या पश्चिमेस, शहपुरा नावाचे एक गाव आहे. भिटौनी हे त्याचे रेल्वे स्थानक इटारसी-जबलपूर मार्गावर लागते. आणि याच मार्गाने १८७० साली मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने प्रथम जोडली गेली. या नावाचे हे एकटेच गाव नव्हे. मध्यप्रदेशातच दिंडोरी जिल्ह्यात दुसरे शहपुरा आहे. भोपाळ शहरात त्याच नावाची वस्ती आणि तलाव आहे. राजस्थानात भिलवाडा आणि जयपूर या दोन्ही शहरांच्या बाजूस एकेक शाहपुरा आहे. आणि ठाणे जिल्ह्यातील व बेळगावचे शहापूर ही मराठी मुलखातील त्याच नावाची भावंडे होत. ‘मी उद्या शहपुऱ्यास जाणार आहे’ असे जबलपूरच्या मराठी गृहस्थाने म्हटले, तर ऐकणाऱ्यास क्षणभरही थांबावे लागत नाही. यंत्रास मात्र तीन प्रश्न सोडवावे लागतात. ‘शहपुऱ्यास’ हे ‘शहपुरा’ या शब्दाचे रूप आहे, हा पहिला. ‘शहपुरा’ हे स्थलाचे नाव आहे, हा दुसरा. आणि इतक्या शहपुऱ्यांपैकी बोलणाऱ्याच्या मनात कोणते आहे, हा तिसरा. पहिला प्रश्न व्याकरणाचा, दुसरा कोशाचा आणि तिसरा लोकव्यवहाराचा. संगणकास भाषेचा अर्थ कसा समजावा, यासाठी गेल्या सत्तर वर्षांत झालेल्या प्रयत्नांचा इतिहास म्हणजे या तीन गोष्टी यंत्राच्या स्वाधीन कशा करावयाच्या, याचाच इतिहास होय.

या इतिहासाची पहिली पाने परदेशात लिहिली गेली. १९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये एका संगणकाने साठेक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करून दाखविले. त्याच्या पोतडीत अडीचशे शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम एवढीच सामग्री होती. पण या प्रयोगाने निर्माण केलेल्या आशा मात्र अमर्याद होत्या. १९६० साली येहोशुआ बार-हिलेल या तर्कशास्त्रज्ञाने त्या आशांना पायबंद घातला. एकाच शब्दाचे दोन अर्थ असतील तेव्हा योग्य अर्थ निवडण्यास कोश आणि व्याकरण पुरेसे पडत नाहीत, वस्तुस्थितीचे ज्ञान लागते, आणि ते यंत्राजवळ नसते, असा त्याचा युक्तिवाद होता. मराठी वाचकास तो एका उदाहरणाने पटेल. ‘पान गळले’, ‘पान उलटले’, ‘पान लावले’ आणि ‘पान वाढले’ या चार वाक्यांत ‘पान’ हा शब्द एकच आहे. परंतु पहिल्यात झाड आहे, दुसऱ्यात पुस्तक, तिसऱ्यात विडा आणि चौथ्यात जेवण. हे ज्याला ठाऊक आहे त्याला मराठी येते. ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती सबंध कोश दिला तरी त्याची अडचण संपत नाही.

प्रस्तुत लेखात या इतिहासाच्या एकाच शाखेचा विचार करावयाचा आहे. मराठीचा अर्थ यंत्रात नेण्याचे काम पुष्कळ अंशी हिंदीच्या मार्गाने झाले. याच्या उलट दिशेचा एक प्रवास शतकापूर्वी जबलपुरात घडला होता; तेथे हिंदीचे व्याकरण मराठी व्याकरणाच्या आधाराने उभे राहिले. हे दोन प्रवास शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक भाषा दुसरीपासून काय उसने घेऊ शकते आणि काय घेऊ शकत नाही, हे स्पष्ट होते. आजच्या संगणकविद्येपुढील एक महत्त्वाचा प्रश्नही हाच आहे.

२

जबलपूर आणि मराठी यांचा संबंध जुना आहे. १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले. पुढे १७९८ च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांचा अंमल सुरू झाला. १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूरचा हिंदी भाषिक आणि नागपूरचा मराठी भाषिक एकाच कारभाराखाली नांदत होते. कचेरी, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. घरात मराठी आणि दारात हिंदी असा त्यांचा व्यवहार राहिला. शब्दांच्या अर्थाची सरहद्द अशी उंबरठ्यावरच असली म्हणजे माणूस नकळत भाषाभ्यासक होतो.

या वातावरणाचे फळ म्हणजे माधवराव सप्रे. त्यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. मातृभाषा मराठी, परंतु त्यांची लेखणी हिंदीची सेवा करीत राहिली. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषा सिद्ध करण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. याच सभेने हिंदीचे एक सर्वांगपूर्ण व्याकरण लिहवून घेण्याचे ठरविले, त्यामागे महावीरप्रसाद द्विवेदी यांच्याबरोबर सप्रे यांचाही आग्रह होता. ते काम कामताप्रसाद गुरू यांच्याकडे आले. गुरूंचा जन्म १८७५ साली सागर येथे झाला. त्यांचे वास्तव्य आणि लेखन जबलपुरात झाले, आणि १९४७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘हिंदी व्याकरण’ १९२० साली प्रसिद्ध झाले, आणि आजही हिंदीच्या अभ्यासकास त्याला वळसा घालून जाता येत नाही.

हे पुस्तक लिहिताना गुरूंपुढे जे ग्रंथ होते त्यांत मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रमुख होते. दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. त्यांचा हा प्रचंड ग्रंथ १९११ साली बाहेर पडला. त्यात प्रत्येक नियमामागील मतमतांतरे मांडून, त्यांची छाननी करून, मगच निर्णय देण्याची पद्धत आहे. गुरूंनी या ग्रंथाचा आधार घेतला आणि तो मोकळेपणाने मान्यही केला. वाक्यातील कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या संबंधाचा विचार मराठी व्याकरणकार कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन ‘प्रयोगां’च्या द्वारे करीत आले होते, ही विभागणी गुरूंच्या हिंदी व्याकरणातही आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘राम ने आम खाया’ ही वाक्ये शेजारी ठेवली म्हणजे या व्यवस्थेचे औचित्य ध्यानात येते.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. ‘मी आंबा खाल्ला’ या मराठी वाक्यात कर्त्यास ‘ने’ लागत नाही. हिंदीत ‘मैंने आम खाया’ असेच म्हणावे लागते. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू पोळी खाल्लीस’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, आणि शिवाय अखेरच्या ‘स’ने कर्त्याचा पुरुषही सांगते. हिंदीत असे रूप नाही. चौकट एक, पण चौकटीत बसणारे द्रव्य भिन्न. दामल्यांच्या पद्धतीची दिशा गुरूंनी घेतली; नियम मात्र त्यांनी हिंदीच्या प्रयोगांवरून, हिंदीच्या उदाहरणांनी सिद्ध केले. हा विवेक त्यांच्या ग्रंथाच्या दीर्घायुष्याचे एक कारण होय, असे म्हणावयास हरकत नाही.

३

संगणकासाठी अर्थाचा कोश रचण्याची एक नवी कल्पना १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने हाती घेतली. ‘वर्डनेट’ हे तिचे नाव. सामान्य कोशात शब्द वर्णानुक्रमाने लागतात. येथे ते अर्थानुक्रमाने लागतात. एकाच अर्थाचे शब्द एका संचात गोवावयाचे, त्या संचाला थोडक्यात व्याख्या आणि एक वापराचे वाक्य जोडावयाचे, आणि मग संचासंचांतील नाती नोंदवावयाची : आंबा हा वृक्षाचा प्रकार, फांदी हा वृक्षाचा भाग, उष्ण हे शीताच्या विरुद्ध, आणि घोरणे म्हणजे झोपणे आलेच. यंत्राच्या दृष्टीने शब्दाचा अर्थ म्हणजे या जाळ्यातील त्याचे स्थान. आपल्याकडील वाचकास ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. अमरसिंहाने आपल्या कोशात पर्यायशब्द वर्गवार एकत्र आणले, आणि शिवकाळातील ‘राजव्यवहारकोशा’तही शब्द विषयवार वर्गांतच मांडलेले आहेत. नवेपणा आहे तो नात्यांची नोंद यंत्रास वाचता येईल इतकी स्पष्ट करण्यात.

मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी यांनी प्रथम हिंदीचे असे जाळे विणले, आणि त्याच्या आधारे मराठीचे जाळे तयार झाले. ‘मराठी शब्दबंध’ हे त्याचे सुंदर आणि समर्पक नाव. पुढे या दोन जाळ्यांभोवती इतर भारतीय भाषांची जाळी जोडली गेली. कोकणीचे काम गोवा विद्यापीठात झाले. अनुसूचीतील अठरा भाषांचा हा परिवार ‘इंडोवर्डनेट’ या नावाने २०१० पासून विद्वानांच्या परिचयाचा आहे. इंग्रजीच्या जाळ्यात एक लक्ष सतरा हजारांच्या वर संच आहेत, हिंदीत चाळीस हजारांच्या आसपास, मराठीत तीस हजारांच्या आसपास.

मराठीचे जाळे हिंदीच्या आधारे तयार झाले म्हणजे काय झाले? हिंदी संच आणि त्याची व्याख्या समोर ठेवावयाची आणि त्या अर्थाचे मराठी शब्द त्याच गाठीशी बांधावयाचे, ही ती पद्धत. तिचे लाभ उघड आहेत. श्रम वाचतात, नाती नव्याने शोधावी लागत नाहीत, आणि गाठ एकच राहिल्यामुळे हिंदीतून मराठीत व मराठीतून हिंदीत जाण्याची वाट आपोआप तयार होते. दोन भाषांचे कुळ एक, लिपी एक आणि तत्सम शब्दांचे भांडारही एक. तेव्हा या पद्धतीस हिंदी-मराठी जोडीइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडावे.

तथापि अडचणी नेमक्या या जवळिकीतूनच निर्माण होतात. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत विद्येचा आहे, मराठीत दंडाचा. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ हिंदीत जग. मराठीत तो मांडावयाचा असतो, रेटावयाचा असतो, आणि कधी सुखाचा होतो. हे शब्द एका गाठीतून उचलून दुसऱ्या गाठीत घातले म्हणजे काम भागते, असे वाटेल. आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु नात्यांच्या शब्दांकडे पाहावे. पतीचा थोरला भाऊ हिंदीत ‘जेठ’ आणि धाकटा ‘देवर’. त्यांच्या बायका ‘जेठानी’ आणि ‘देवरानी’. मराठीत दोघेही ‘दीर’ आणि दोघीही ‘जाऊ’. हिंदीच्या दोन गाठींवर मराठीचा एक शब्द दोनदा बांधता येईल. पण मराठी मनात ‘जाऊ’ ही एकच कल्पना आहे, थोरली-धाकटी हा तिचा विशेष आहे, ही गोष्ट त्या जाळ्यात दिसावयाची तर मराठीची स्वतंत्र गाठ मारावी लागते.

आता पुन्हा ‘पान’ घ्या. हिंदीत वृक्षाचे असते ते ‘पत्ता’, पुस्तकाचे ‘पन्ना’, विड्याचे ‘पान’ आणि जेवणाची मांडलेली असते ती ‘थाली’ वा ‘पत्तल’. हिंदीच्या मार्गाने येणारा मराठी ‘पान’ हा शब्द चार निरनिराळ्या गाठींशी बांधला जाईल, आणि चारही बांधण्या अचूक असतील. फक्त या चार अर्थांस एकत्र धरून ठेवणारे सूत्र, म्हणजे झाडाच्या पानावर लिहिणाऱ्या आणि झाडाच्या पानावर जेवणाऱ्या समाजाची आठवण, त्या जाळ्यात कोठेच राहणार नाही. कवी जेव्हा ‘पान’ म्हणतो तेव्हा या चारही अर्थांचे झंकार त्याला हवे असतात. समीक्षकाचे काम पुष्कळदा त्या झंकारापासूनच सुरू होते.

हे दोष या जाळ्याच्या कर्त्यांना दिसले नव्हते असे मात्र नाही. त्यांनी संचांचे वर्ग पाडले : सर्व भाषांत आढळणारे, अखिल भारतीय, एका भाषाकुळापुरते आणि एकाच भाषेचे. या अखेरच्या वर्गाची तरतूद फार मोलाची आहे. ‘सोवळे’ या कल्पनेला दुसऱ्या भाषेच्या गाठीवर बांधून चालणार नाही, हे मान्य करणे म्हणजे कामताप्रसाद गुरूंचाच विवेक पुन्हा आचरणात आणणे होय. पद्धत घ्यावी, द्रव्य आपले असावे. अशी तरतूद जितकी वापरली जाईल तितका मराठी शब्दबंध मराठीचा राहील.

४

शब्दबंधात प्रत्येक गाठ माणसाने मारलेली असते. तिच्यात चूक असली तर ती दाखविता येते आणि सोडविता येते. गेल्या दशकात संगणकविद्येने जी वाट धरली तिच्यात ही सोय राहिलेली नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ओळखावा, हा विचार जुना आहे. अमेरिकेत झेलिग हॅरिस यांनी १९५४ साली आणि इंग्लंडमध्ये जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली तो मांडला. २०१३ साली टोमास मिकोलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला वेगवान गणिताचे रूप दिले. कोट्यवधी वाक्ये यंत्रापुढे ठेवावयाची. यंत्र प्रत्येक शब्दास शेकडो आकड्यांची एक ओळ देते. सारख्या सोबतीत वावरणाऱ्या शब्दांच्या ओळी एकमेकींजवळ येतात. ‘आत्या’ आणि ‘मावशी’ जवळ, ‘आत्या’ आणि ‘लोहमार्ग’ दूर. अर्थ येथे अंतराने मोजला जातो. गणितात अशा ओळीस सदिश म्हणतात.

या पद्धतीत प्रारंभी एका शब्दास एकच सदिश मिळत असे. म्हणजे ‘पान’ या शब्दाचे चारही अर्थ एकाच बिंदूत कोंबले जात. २०१७ नंतर जी रचना प्रचारात आली तिच्यात वाक्य बदलले की शब्दाचे आकडेही बदलतात. ‘पान उलटले’ मधील पान पुस्तकाजवळ जाते आणि ‘पान वाढले’ मधील भाताजवळ. बार-हिलेलच्या आक्षेपाला मिळालेले हे आजवरचे सर्वांत प्रभावी उत्तर आहे, यात शंका नाही. आणि ते उत्तर वस्तुस्थितीच्या ज्ञानाने दिलेले नाही. केवळ सोबतीच्या हिशेबाने दिलेले आहे, ही त्यातील विस्मयाची गोष्ट.

पण हिशेब कोणत्या वाक्यांचा? २०१८ साली शंभराहून अधिक भाषांसाठी जे एकत्रित प्रारूप प्रसिद्ध झाले त्यात मराठीही होती. अशा प्रारूपात सर्व भाषांचे शब्द-तुकडे एकाच साठ्यात असतात. त्यामुळे ‘शिक्षा’ हा अक्षरसमूह हिंदी आणि मराठी यांस सामाईक होतो. त्याचा दंड हा अर्थ ओळखण्यास यंत्राजवळ पुरेशी मराठी वाक्ये हवीत. नसतील तर बहुसंख्य हिंदी वाक्यांचा अर्थ तेथे वरचढ होण्याचा धोका असतो. शब्दबंधात हिंदीचा आधार जाणून घेतलेला होता. येथे तो केवळ संख्येच्या बळावर, कोणाच्याही ध्यानात न येता, शिरतो.

रूपांच्या बाबतीतही असेच. मराठीत ‘घर’ या शब्दास प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, आणि मग ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ अशी लांबलचक माळ एकाच शब्दात गुंफली जाते. हिंदीत हेच काम सुटे शब्द करतात. यंत्र ही माळ कोठे तोडते यावर त्याला किती मराठी कळली हे ठरते; आणि ती कोठे तोडावी हे दामल्यांनी १९११ सालीच पुष्कळ तपशिलाने सांगून ठेवले आहे.

मराठीचे स्वतंत्र साहित्य उभे करण्याचे प्रयत्न झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या अभ्यासगटाने २०२२ साली महाजालावरून मिळविलेली दोन कोटी अठ्ठेचाळीस लक्ष मराठी वाक्ये प्रसिद्ध केली आणि त्यांवर मराठीपुरती प्रारूपे घडविली. एवढा मराठी मजकूर हाताने वाचून काढणे कोणा कोशकारास शक्य झाले नसते. तरीही दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’शी त्याची तुलना करून पाहावी. १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झालेल्या त्या कोशात शब्द कोठला, कोकणातला की वऱ्हाडातला, हे खुणेने सांगितलेले असते, आणि जुन्या ग्रंथातला प्रयोगही पुष्कळदा दिलेला असतो. आकड्यांच्या ओळीत असे गाव नसते. ती कोणाच्या तोंडच्या मराठीतून आली, हे तिला विचारता येत नाही.

५

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. भाषेने दुसऱ्या भाषेपासून घेण्यात कमीपणा नाही. जबलपुरात हिंदीने मराठीपासून घेतले, मुंबईत मराठीने हिंदीपासून घेतले. दोन्ही वेळी घेणाऱ्याचे घर भरले. परंतु दोन्ही वेळी घेणारा माणूस जागा होता. आपण काय घेतो, काय ठेवतो आणि कोठे थांबतो, हे तो सांगू शकत होता. अर्थाची उसनवारी यंत्राने परस्पर केली तर हा जागेपणा कोणाकडे राहणार, हा खरा प्रश्न आहे. तो केवळ संगणकशास्त्रज्ञांचा नाही. जबलपूर, इंदूर, बडोदे, तंजावर येथील मराठी, आणि कोकणात व वऱ्हाडात बोलली जाणारी मराठी, यांचे लिखित प्रयोग ज्या प्रमाणात उपलब्ध होतील त्याच प्रमाणात यंत्रातील मराठीत त्यांना जागा मिळेल. जे लिहिले गेले नाही, ते त्या हिशेबात नव्हतेच.

म्हणून लेखकांपुढे आणि विद्यापीठांपुढे काम आहे, आणि ते जुनेच आहे. बोलींचे कोश प्रयोगांसह तयार करणे. जुन्या ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या वाचनीय अक्षरांत उपलब्ध करणे. एकाच भाषेचे असलेले शब्द शोधून त्यांच्या नेमक्या व्याख्या लिहिणे. आणि ‘पान’ या शब्दाचे चार अर्थ एका धाग्यात का आहेत हे सांगणे. दामल्यांनी मतामतांची छाननी करून नियम दिला, गुरूंनी तो हिंदीच्या उदाहरणांवर घासून पाहिला. या घासून पाहण्याचे काम यंत्राने अद्याप आपल्या अंगावर घेतलेले नाही. ते आपल्याकडेच आहे, आणि ते आपल्याकडे आहे तोवर मराठीचा अर्थ कोणता, हे ठरविण्याचा अधिकारही आपल्याकडेच राहील.